आधी कंडक्टर, मग स्पायडरमॅन

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात एखादं लेकरू वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरतं. त्यावर स्पायडरमॅन असतो, नाहीतर नारुतो, नाहीतर गोकू. रेघा बारीक, जाळ्याचा एकेक धागा मोजून काढलेला. "ट्रेस नाही केलं सर, बघून काढलंय," हे वाक्य ठरलेलं. मी म्हणतो, झकास. आता हाच स्पायडरमॅन नांदेडच्या बसस्टँडवर काढ. लातूरची गाडी लागलीय आणि तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोय. लेकराचा चेहरा पडतो. "सर, तसा फोटो नाही ना."

घोडं अडतं ते इथंच. कॉमिक्स काढणारा माणूस जन्मभर फोटो नसलेल्या प्रसंगांचीच चित्रं काढत असतो. बघून काढणं वेगळं आणि पात्र काढता येणं वेगळं. पहिल्याला नजर आणि चिकाटी पुरते. दुसऱ्यासाठी तो माणूस आपल्या डोक्यात राहायला यावा लागतो.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, स्वतः त्यात सापडलो होतो म्हणून सांगतो. लहानपणी आम्हाला इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक भाड्यानं मिळायचे. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहानं 1964 साली सुरू केलेली ही मालिका 1990 पर्यंत चालली. तिच्यातला वेताळ आमचा देव. वहीच्या कागदाला खोबरेल तेल चोळलं की तो पारदर्शक होतो. तो अंकावर ठेवून मी वेताळ उतरवून घ्यायचो. आईच्या तेलाच्या बाटलीचा हिशेब लागायचा नाही, हा भाग वेगळा. दोन उन्हाळ्यांत मला वेताळ सात पवित्र्यांत हुबेहूब यायला लागला. आठवा पवित्रा अजून आलेला नाही.

छापून काढणं हे पाप नाही. हात सरावतो, रेघ कुठं जाड होते आणि कुठं सुटते ते बोटांना कळतं. पण रेघेच्या आत काय आहे, खांदा कुठं आहे, मान कुठून निघते, हे छापून कधीच कळत नाही.

गंमत अशी की यावरचं औषध आपल्या शाळांत कधीपासून पडून आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही 'स्मरणचित्र' म्हटलं की पोटात गोळा आल्याचं आठवेल. समोर वस्तू नाही, चित्र नाही. विषय मिळतो, बाजार म्हणा, बसथांबा म्हणा, आणि आठवून माणसं काढायची. याहून चांगली कॉमिक्सची तालीम कुठली? पण आम्ही मास्तरांनीच तिचं वाटोळं केलं. पोरं तीन माणसं पाठ करून जातात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकलेला पाठमोरा म्हातारा आणि एक छत्रीवाला. विषय कोणताही येवो, ही तिघं हजर. जत्रेत हीच, बाजारात हीच, रेल्वे स्टेशनवरही हीच. दहावीला परीक्षेतल्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा पाठांतर काही सुटत नाही.

एकदा पेपर तपासल्यासारखं एका गठ्ठ्यातून जाताना माझ्या लक्षात आलं, की ही तिघं म्हणजे पात्रंच आहेत की! प्रत्येक चित्रात येतात, लांबून ओळखू येतात. फक्त बिचारी काही करत नाहीत. त्यांना पावसात पळायला लावलं, एकमेकांशी भांडायला लावलं, तर कॉमिक्स तयार.

ओळखू येणं हाच पात्राचा प्राण आहे, हे आपल्याकडच्या लोकांना फार आधी कळलं होतं. आमची गोदावरी नांदेडला पोचण्याआधी पैठणवरून येते. पैठणच्या चित्रकथ्यांची जुनी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग एकेका कागदावर. चित्रकथी ते एकामागून एक लोकांपुढं धरायचा आणि गात-बोलत गोष्ट सांगायचा. म्हणजे कॉमिक्सच्या चौकटी, फक्त सुट्या. या चित्रांत चेहरा एका बाजूनं दिसतो आणि त्यात डोळा मात्र समोरून बघावा तसा पूर्ण, भलामोठा. शरीरशास्त्राच्या हिशेबानं चूक. पण मागं बसलेल्या माणसाला कोण कुणाकडं बघतंय ते कळलं पाहिजे, या हिशेबानं अगदी बरोबर. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजानं ही कला अजून जिवंत ठेवलीय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

आता हीच गोष्ट छापील पानात बघा. 'टिंकल'मधला शिकारी शंभू आठवतोय? तो वसंत हळबे यांच्या हातचा. शंभूची टोपी इतकी खाली ओढलेली, की त्याचे डोळे कधीच दिसत नाहीत. डोळे नसलेला नायक! भाव दाखवायचं सगळ्यात मोठं साधन हळबे यांनी पहिल्याच रेघेला झाकून टाकलं आणि मग मिशी, तोंड, गुडघे यांच्याकडून ते काम करून घेतलं. शंभू घाबरला की तो नुसत्या पायांवरून घाबरलेला कळतो. त्याच मासिकातला सुपंडी राम वाईरकर यांनी घडवला. अमर चित्रकथेतला 'कृष्ण'ही त्यांचाच. लोभस कृष्ण काढणाऱ्या हातानंच लांबुळक्या डोक्याचा, बावळट सुपंडी काढला. पुण्याचे प्रताप मुळीक यांनीही अमर चित्रकथेतले पौराणिक वीर काढले आणि राज कॉमिक्सचा हिरव्या खवल्यांचा नागराजही. मुलं मला विचारतात, "आमची स्टाइल कशी येईल?" हे तिघं बघितले की उत्तर देण्याची गरज उरत नाही. स्टाइल पात्रागणिक बदलायची असते.

मराठी घरातलं याहून जवळचं उदाहरण चिंटूचं. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा चिंटू 1991च्या नोव्हेंबरमध्ये 'सकाळ'मध्ये आला. त्यात बगळ्या नावाचा एक पोरगा आहे. नाव उच्चारलं की आकृती डोळ्यापुढं येते, लांब मान आणि काटकुळे पाय. मी मुलांना सांगतो, आधी टोपणनाव ठेवा, मग चित्र काढा. आपल्याकडं गल्लीत टोपणनावं ठेवणारी माणसं फार मोठी चित्रकार असतात. भोपळ्या, टिल्ल्या, तुरकाटी, ढोल्या. एका शब्दात छायाकृती.

छायाकृती हा शब्द मुद्दाम वापरला, कारण पहिली कसोटी तीच. काढलेल्या पात्रात आतलं काहीही न ठेवता ते शाईनं पूर्ण काळं करून टाका. तरी ओळखू आलं तर पात्र जमलं. नाही आलं तर कपड्यांवर कितीही नक्षी काढा, फुकट. या अभ्यासाला नांदेडइतकं सोयीचं गाव मला दुसरं माहीत नाही. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर उंच निळी पगडी बांधलेले निहंग दिसतात. ती पगडी काळी करा, शंभर पावलांवरून ओळखू येईल. किनवट-मुखेडकडून बाजाराला आलेली लमाणी बाई बघा. तिच्या ओढणीचा आणि घागऱ्याचा घेर इतर कुणाचा नसतो. मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव भेटला तर भाग्यच. धोतर-टोपीतला शेतकरी मात्र अवघड, कारण तो सगळ्यांना येतो असं वाटतं आणि कुणालाच येत नाही. धोतराचा सोगा चालताना कसा उडतो, हे बसून बघावं लागतं. लातूरला गेलात तर ट्यूशनची पोरं बघा. पाठीवर एवढं मोठं दप्तर असतं, की बाजूनं बघितलं तर माणूस पुढं आणि कासव मागं.

बघायचं, घरी यायचं आणि मग काढायचं. तिथं उभं राहून नाही. उभं राहून काढलेलं ते रेखाटन, त्याचाही फायदा आहे, पण पात्रासाठी मधे विसरायला थोडा वेळ जावा लागतो. विसरल्यानंतर जे उरतं तेच कामाचं. आर. के. लक्ष्मण लहानपणापासून कावळे काढायचे. कावळ्याचे सगळे रंगढंग त्यांना पाठ होते, म्हणून त्यांचा कावळा कुठल्याही फांदीवर बसू शकायचा. त्यांचा 'कॉमन मॅन'ही असाच गाळून उरलेला. 1951 पासून टाइम्समध्ये रोज चित्र द्यायचं होतं. सुरुवातीला ते निरनिराळ्या प्रांतांतली बरीच माणसं काढायचे. रोजच्या घाईत एकेक जण गळत गेला आणि चौकड्याचा कोट, धोतर, चष्मा आणि टक्कल असलेला एक म्हातारा उरला. वेळेची टंचाई हीसुद्धा मास्तरच आहे.

आता थोडं हाडामांसाचं. नवशिक्यानं पहिली चूक कुठली करावी हे ठरलेलंच असतं. डोळे कपाळावर जातात. आरशात पेन्सिल धरून मोजा. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. केसांनी वरचा अर्धा भाग झाकलेला असतो, म्हणून आपण तो मोजतच नाही. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत. दोन डोळ्यांच्या मधे आणखी एक डोळा मावेल एवढी जागा. लहान मुलाचे डोळे मध्याच्याही खाली घ्या, कपाळ मोठं होईल आणि चेहरा आपोआप कोवळा दिसेल. एवढी चार मापं पाळली तरी निम्मी चित्रं सुधारतात.

शरीर मोजायचं माप म्हणजे डोकं. साधा मोठा माणूस सात ते साडेसात डोकी उंच भरतो. स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांचं मार्व्हल पद्धतीनं कॉमिक्स शिकवणारं पुस्तक 1978 साली आलं. त्यातले वीर आठ डोक्यांच्याही वर जातात, म्हणून ते दैवी वाटतात. उलट विनोदी पट्टीतलं पोरगं तीन-साडेतीन डोक्यांचं. एकाच वहीत सरपंच साडेसात डोक्यांचा, त्याचा मुलगा तीनचा आणि सरपंच स्वतःला जेवढा समजतो तो नऊचा, असं काढून बघा. विनोद तिथंच झाला.

काढायची सुरुवात मात्र काडीमाणसापासून करा. आठवी-नववीच्या पोरांना याची लाज वाटते. मी हट्टानं पहिला महिना काड्याच काढायला लावतो. डोक्यापासून टाचेपर्यंत आधी एकच वाकडी रेघ, तो माणूस कुठं झुकतोय एवढंच सांगणारी. ओझं उचललं तर मागं, पळाला तर पुढं, रुसला तर प्रश्नचिन्हासारखी. त्या रेघेवर छाती आणि कंबर असे दोन डबे बसवायचे. ते एकमेकांना तिरके असले की आकृती जिवंत. दोन्ही सरळ असले की झाला शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहिलेला मुलगा.

हात हे सगळ्यांचं दुखणं. "हात येईना गेलेत सर," हे मी दरवर्षी ऐकतो. म्हणून नवशिक्यांच्या वहीतली सगळी पात्रं हात पाठीमागं बांधून हेडमास्तरासारखी उभी असतात, नाहीतर खिशात घालून. यावर उपाय एकच. आधी चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा, जणू लोकरीचा हातमोजा घातलाय. तो कुठल्याही कोनातून यायला लागला की मग बोटं सुटी करा. आणि हाताचं माप चेहऱ्याएवढं घ्या, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. बहुतेकांचे हात फार लहान असतात.

भावांसाठी एका परदेशी मास्तराची आठवण काढायला हवी. जिनिव्हाचा रोडॉल्फ टोपफर. वडील चित्रकार, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळं याला ते करता आलं नाही, म्हणून शाळा चालवायला लागला. फावल्या वेळात चौकटींतून गोष्टी काढायचा, खाली ओळ लिहायचा. 1830च्या दशकात त्या छापल्या गेल्या. आज अनेक अभ्यासक त्यालाच कॉमिक्सचा आद्य जनक मानतात. त्यानं 1845 साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की चेहरा कितीही वेडावाकडा काढा, त्याला कुठला ना कुठला भाव असतोच. मग भाव शोधत बसायचं कशाला? चेहरे भराभर काढा आणि कोणता भाव आला ते नंतर बघा. मला हा माणूस फार आवडतो. चांगलं चित्र येत नाही म्हणून अडून बसला नाही.

वर्गात मी याचा पाढा करतो. भुवयांच्या चार तऱ्हा, म्हणजे सपाट, आत झुकलेल्या, बाहेर झुकलेल्या आणि एक वर एक खाली. ओठांच्याही चार. चार चोक सोळा. एकाच गोल चेहऱ्यावर सोळाही जोड्या काढायच्या आणि प्रत्येकीखाली नाव लिहायचं. 'उधारी मागायला आलेला', 'निकाल लागला', 'चहात साखर नाही'. नाकाला, डोळ्यांना हात लावायचा नाही. पहिल्यांदा सोळा घरं भरल्यावर मुलं जी हसतात, त्याचा आवाज शेजारच्या गणिताच्या तासाला त्रास देतो.

साहित्याबद्दल फार बोलणार नाही, कारण पालक पहिल्या दिवशी तेच विचारतात. एक एचबी, एक टूबी पेन्सिल, खोडरबर, रेघा नसलेली वही आणि काळ्या शाईचं पेन. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिननं आपल्या तीन-चार पिढ्यांची सोय करून ठेवलीय, तेवढ्यात भागतं. मोबाईलवर बोटानं काढणारी मुलंही आहेत आणि काही फार छान काढतात. पण पहिले तीन महिने मी कागदच सांगतो. मोबाईलवर चुकलेली रेघ एका टिचकीत नाहीशी होते. कागदावर ती पुसली तरी वळ राहतो आणि दुसरी रेघ कुठं नको हे तो वळ सांगतो.

एक बाब मात्र इंग्रजी पुस्तकं तुम्हाला सांगणार नाहीत, ती म्हणजे देवनागरीतला फुगा. इंग्रजी मोठी अक्षरं विटांसारखी बसतात. आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि 'तू' का 'तु' तेही कळेनासं होतं. दोन ओळींत जवळजवळ अक्षराएवढी जागा सोडा. आणि आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. सगळे उलटं करतात. छान गोल फुगा काढतात आणि मग त्यात 'अरे थांब कुठे निघालास' कोंबता कोंबता शेवटचा 'लास' मुंगीएवढा होतो. शिवाय आधी बोलणारा डावीकडं उभा करा. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. परीक्षेतलं अक्षरलेखन इथं कामाला येतं, फक्त ते कुणी जोडून दाखवत नाही.

पात्र उभं राहिलं की त्याला गोष्टीत सोडायचं. लातूरहून आलेल्या काही मुलांना एकदा मी 'जलदूत' हा विषय दिला होता. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं होतं तेव्हा मिरजेहून याच नावाच्या रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. चार चौकटींत दाखवा म्हणालो. बहुतेकांनी चारही चौकटींत रेल्वे काढली, लांब, आणखी लांब. एका मुलीनं पहिल्या चौकटीत नुसत्या घागरींची रांग काढली, जागा धरायला ठेवलेली, माणूस एकही नाही. दुसरीत रांगेतल्या एका घागरीवर डोकं टेकून झोपलेली तिची आजी. तिसरीत रात्र, लांबवर इंजिनचा दिवा, टिकलीएवढा. चौथीत टँकरचा पाइप आणि दोन्ही हातांनी घागर धरलेली आजी, तोंड नुसतं उघडं. रेल्वे एकदाच, टिकलीएवढी. बाकीच्यांच्या रेघा तिच्याहून कितीतरी सफाईच्या होत्या. पण गोष्ट तिनं सांगितली होती.

सुरुवातीला ज्याला बसस्टँडवर पाठवलं, त्या स्पायडरमॅनवाल्याचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तो दर रविवारी स्टँडवर जाऊन बसू लागला. स्पायडरमॅन त्याला तिथं काही जमेना, पण लालपरीतला कंडक्टर सापडला. खाकी कपडे, छातीवरून आडवा गेलेला पट्टा, पोटावर पैशांची पिशवी, कानावर पेन. गाडी वळली की तो सीटच्या दांड्याला मांडी टेकवून दोन्ही हात मोकळे ठेवतो, हे त्यानं बघितलं होतं. ते मी पन्नाशीपर्यंत एसटीनं फिरूनही बघितलं नव्हतं. त्यानं त्याचं नाव ठेवलं 'डबल बेल'. डबल बेल सुट्टे पैसे शोधतोय, डबल बेल डुलकी घेतोय, डबल बेल उतरून गाडीला धक्का मारतोय. दिवाळीपर्यंत बेचाळीस चित्रं झाली.

बेचाळिसाव्यात पट्टा चुकून दुसऱ्या खांद्यावर गेला होता. मी ते चित्र तपासून खाली सही केली, मला दिसलं नाही. चौथीतल्या त्याच्या बहिणीनं वही हातात घेतली आणि विचारलं, "दादा, यानं पिशवी काहून उलटी घातली?"